गाडी खाली बसवली की ॲव्हरेज वाढते का?

एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. दुपारचे सत्र संपल्यावर बारावीत शिकणारा एक मुलगा आपल्या सरांबरोबर आम्हाला भेटायला आला. त्याचा प्रश्न तयारच होता.

"सर, माझ्या मामांची भाड्याची गाडी आहे. गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून गाडी खाली बसवू. गाडी खाली आली की तिला वारा कमी लागतो आणि लिटरमागे दोन किलोमीटर ॲव्हरेज वाढतं. मामा तयार झालेत. हे खरं आहे का?"

त्याचे सर हसून म्हणाले, "मी वर्गात हवेचा रोध शिकवतो. त्यामुळे हे साफ खोटं आहे, असं मला म्हणता येईना. पण खरं आहे असं सांगायलाही जीभ रेटेना."

सरांची ही अडचण आम्हाला फार प्रामाणिक वाटली. विज्ञानाच्या नावाने जे दावे आपल्यापुढे येतात, त्यांतले बरेचसे धडधडीत खोटे नसतात. त्यांच्या मुळाशी एक खरे तत्त्व असते. फसगत होते ती तत्त्वात नव्हे, तर 'किती?' हा प्रश्न विचारायचा राहून जातो म्हणून. इथे तर प्रश्न केवळ पेट्रोलचा नव्हता. त्या गाडीत रोज चार-पाच माणसे बसून घाटातून जा-ये करत होती. म्हणून फळा आणि खडू घेऊन आम्ही तिघांनी तो हिशेब तिथेच मांडला. तोच इथे थोडा विस्ताराने देत आहोत.

गाडीला मागे ओढणारी बळे

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला मुख्यतः दोन बळांशी झगडावे लागते. पहिले बळ टायरचे. टायर रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. या सततच्या दबण्या-उठण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा रोध गाडीच्या वजनावर अवलंबून असतो. वेगाबरोबर तो फारसा बदलत नाही. माणसांसह १००० किलोग्रॅम वस्तुमानाची लहान मोटार घेतली, तर तिचा टायरचा रोध साधारणपणे १२० न्यूटन धरता येईल.

दुसरे बळ हवेचे. ते असे लिहितात :

हवेचा रोध = ½ × हवेची घनता × रोधगुणांक × समोरून दिसणारे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, रोधगुणांक ०.३५ आणि क्षेत्रफळ २ चौरस मीटर घेतले, तर हवेचा रोध ०.४२ × (वेग)² इतका येतो. यात वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घ्यायचा. आता तीन वेगांसाठी आकडे पाहू.

ताशी ३६ कि.मी. (सेकंदाला १० मीटर) : टायर १२०, हवा ४२, एकूण १६२ न्यूटन
ताशी ७२ कि.मी. (सेकंदाला २० मीटर) : टायर १२०, हवा १६८, एकूण २८८ न्यूटन
ताशी १०८ कि.मी. (सेकंदाला ३० मीटर) : टायर १२०, हवा ३७८, एकूण ४९८ न्यूटन

गावातल्या वेगात हवेचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा आहे, तर हमरस्त्यावर तो पाऊण होतो. ताशी सुमारे ६१ कि.मी. वेगाला दोन्ही रोध सारखे होतात. म्हणजे हवेचा रोध कमी करण्याच्या कोणत्याही उपायाचा खरा उपयोग वेगाने जाणाऱ्या गाडीलाच होणार, हे पहिल्याच पायरीवर स्पष्ट होते.

चेहरा लहान होतो का?

"गाडी खाली आली की तिचा समोरचा भाग लहान होतो," असे गॅरेजवाल्याचे म्हणणे होते. मुलाला हे पटले होते, कारण सूत्रात क्षेत्रफळ आहेच. आम्ही त्याला गाडीचे समोरून दिसणारे चित्र फळ्यावर काढायला सांगितले. मग तीच गाडी ३० मिलिमीटर खाली आणून दुसरे चित्र काढायला लावले.

चित्र काढता काढता तोच थांबला. गाडीचा सांगाडा, काच, टप यांपैकी काहीच लहान झाले नव्हते! सगळे तेवढेच राहून फक्त खाली सरकले होते. कमी झाला होता तो दोन टायरांचा, सांगाड्याखाली उघडा दिसणारा भाग. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर धरली, तर दोन टायरांचे मिळून ०.०३ × ०.१६५ × २, म्हणजे सुमारे ०.०१ चौरस मीटर क्षेत्रफळ घटले. दोन चौरस मीटरांपैकी हे अर्धा टक्का झाले. मागचे टायर पुढच्यांच्या आड असतात, त्यांचा हिशेब वेगळा करायला नको.

चेहऱ्याच्या बाजूने पाहिले, तर दाव्यात काही दम नाही. पण गोष्ट इथे संपत नाही.

पोटाखालची हवा

मोटारीचा वरचा भाग गुळगुळीत असतो. गाडी धुताना आपण तोच पाहतो. खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीखाली उतरून पाहिले, म्हणजे निराळेच दृश्य दिसते. इंजिनाचे चेंबर, सायलेन्सरची नळी, मागचा आस, स्टेपनीची खोबण, सगळीकडे उंचवटे आणि खळगे. या अडगळीतून जाणारी हवा ठेचकाळत जाते, तिच्यात भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांची ऊर्जा इंजिनालाच पुरवावी लागते. गाडी थोडी खाली आली, तर पोटाखाली कमी हवा शिरते. जास्त हवा गुळगुळीत टपावरून आणि बाजूंनी जाते. चाकांचाही कमी भाग वाऱ्यात राहतो. त्यामुळे रोधगुणांक थोडा उतरतो.

म्हणजे फायदा आहे, पण त्याचे कारण सांगितले जाते त्याहून वेगळे आहे. आणि हे कारण नीट कळले नाही, तर निष्कर्ष उलटासुद्धा होऊ शकतो. याचे एक जुने उदाहरण आहे. १९२२ साली जर्मनीत फ्रीड्रिक्सहाफेन येथे, झेपेलिन विमाननौकांच्या कारखान्यातील वातबोगद्यात, क्लेम्पेरर यांनी काही मोजमापे केली. पाण्याच्या थेंबासारख्या निमुळत्या आकाराचा रोधगुणांक मोकळ्या हवेत ०.०५ च्या आसपास असतो. तोच आकार जमिनीजवळ आणला, तेव्हा रोध वाढला! जमिनीच्या सान्निध्याने त्याच्याभोवतीचा सुबक प्रवाह बिघडला होता. म्हणून त्याच गावी काम करणारे पॉल यारे यांनी मोटारीसाठी पूर्ण थेंबाऐवजी, खालून सपाट असा अर्धा थेंब सुचवला. चाकांसह अशा आकाराचा रोधगुणांक ०.१५ च्या सुमारास आला. आजच्या उत्तम मोटारींनाही हा आकडा सहजी गाठता येत नाही.

तेव्हा 'जमिनीजवळ येणे' हा गुण नाही. आपल्या नेहमीच्या गाडीचे पोट ओबडधोबड असते, म्हणून तिला थोडे खाली येणे मानवते. त्याहून चांगला उपाय पोटच झाकण्याचा. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींत बॅटरीची सपाट पेटी तळाशी असते, त्यामुळे हे काम आपोआप साधते.

शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत धावतात, तेव्हा त्यांचे काय, असेही त्या मुलाने विचारले. त्यांचा हेतू इंधन वाचवण्याचा नसतो. १९७७-७८ मध्ये लोटस कंपनीने पोटाखालची हवा वेगाने काढून तिथला दाब कमी करण्याची युक्ती आणली. त्यामुळे गाडी रस्त्याला दाबली जाते आणि वळणावर घसरत नाही. या दाबाबरोबर रोधही येतो. शर्यतीत तो चालवून घेतात. तिच्यासारखे दिसण्याचा मोह पडतो, पण तिचा हेतू आपल्या गाडीला लागू नाही.

आता आकडे घालू

सर्वसाधारण मोटार सुमारे ३० मिलिमीटर खाली आणली, तर हवेचा रोध काही टक्क्यांनी कमी होऊ शकतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. आपण उदार मनाने ४ टक्के धरू. मग ताशी ३६ कि.मी. वेगाला १.७ न्यूटन, ७२ ला ६.७ न्यूटन आणि १०८ ला १५ न्यूटन वाचतात. एकूण रोधाच्या मानाने हे अनुक्रमे १, २.३ आणि ३ टक्के झाले.

पेट्रोलची बचत याहूनही कमी होईल. इंजिनाच्या आतले घर्षण, सिग्नलला थांबून नुसते चालू राहणे, ब्रेक दाबून घालवलेली ऊर्जा, यांपैकी कशालाही गाडीच्या उंचीशी कर्तव्य नाही. गावातल्या प्रवासात तर याच गोष्टी मोठ्या असतात.

आता गॅरेजवाल्याचा शब्द तपासू. मामांची गाडी लिटरला १८ कि.मी. जात होती; ती २० जाईल असे आश्वासन होते. म्हणजे किलोमीटरमागे पेट्रोल १० टक्के कमी लागायला हवे. ताशी ७२ कि.मी. वेगाला एकूण रोध १० टक्के कमी करायचा, तर २९ न्यूटन वाचले पाहिजेत आणि त्यासाठी हवेचा रोध १७ टक्क्यांनी उतरला पाहिजे. ताशी ३६ ला तर तो ३९ टक्क्यांनी उतरायला हवा! तीन सेंटिमीटरांत हे साधणार नाही.

याच सूत्रातून एक बिनखर्चाचा उपाय मात्र निघतो. ताशी ९० कि.मी. वेगाला एकूण रोध ३८२ न्यूटन आहे. ८१ ला तो ३३३ न्यूटन होतो. ताशी अवघे ९ कि.मी. वेग कमी केला, की रोध १३ टक्क्यांनी उतरतो. स्प्रिंग कापून मिळणाऱ्या लाभाच्या हा कितीतरी पट आहे.

स्प्रिंग कापली की काय होते?

फायदा छोटा असला तरी तोटा काहीच नसेल, तर करायला काय हरकत, असे कोणी म्हणेल. म्हणून तोट्याची बाजूही मोजून पाहू.

स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला, तर स्प्रिंग ६/५ पट, म्हणजे २० टक्क्यांनी ताठर होते. शिवाय गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. समजा, आधी चाक रबरी ठोकळ्यावर आपटण्यापूर्वी ७५ मिलिमीटर वर जाऊ शकत होते. आता ४५ मिलिमीटरच जाईल. त्या अंतरात स्प्रिंग जी जादा ऊर्जा पोटात घेते, ती ½ × ताठरपणा × (अंतर)² इतकी असते. नव्या स्प्रिंगची ही क्षमता जुन्याच्या १.२ × (४५/७५)², म्हणजे ०.४३ पट झाली. खड्ड्याचा धक्का सोसण्याची निम्म्याहून अधिक ताकद गेली! उरलेला धक्का रबरी ठोकळा, सांगाडा आणि आत बसलेल्या माणसांच्या पाठीचे मणके घेणार. शॉक ॲब्सॉर्बर जुन्या स्प्रिंगला जुळणारा असतो, त्याचाही मेळ बिघडतो. कापलेल्या स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लोंबले, की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. घाटातल्या वळणावर हे व्हायला नको.

आणखी एक गोष्ट. गाडीची उंची बदलली, की चाकांची ठेवण, म्हणजे अलाइनमेंट, बदलते. ती पुन्हा जुळवली नाही, तर टायर किंचित तिरके घासत चालतात. त्यामुळे टायरचा रोध समजा ५ टक्के वाढला, तर ते ६ न्यूटन झाले. ताशी ७२ कि.मी. ला हवेत वाचवलेले ६.७ न्यूटन इथेच जवळपास संपले. गावातल्या वेगाला १.७ वाचवून ६ घालवले, म्हणजे गाडी आधीपेक्षा जास्त पेट्रोल पिणार.

गतिरोधकाची भूमिती

रस्त्यावरचा गतिरोधक भूमितीच्या तासाला उत्तम उदाहरण आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निर्देशांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. ही १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची चाप होते. लहान मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २.४ मीटर धरले, तर दोन्ही चाके या चापेवर असताना मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा (२.४)² ÷ (८ × १७), म्हणजे जेमतेम ४२ मिलिमीटर वर येतो. खाली बसवलेली गाडीसुद्धा यावरून सहज जाईल.

पण गल्लीत हौसेने घातलेला गतिरोधक फूटभर रुंद आणि वीतभर उंच असतो. तो दोन आसांच्या मध्ये आला, की त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाशी येते. माणसे भरल्यावर समजा १३ सेंटिमीटर अंतर उरत असेल आणि त्यातले ३ आपण स्प्रिंग कापून घालवले असतील, तर १० सेंटिमीटरचा अरुंद उंचवटाही गाडीचे बूड घासतो. चेंबर फुटले, की वर्षभराची पेट्रोलची बचत एका दिवसात जाते.

मोटारी बनवणाऱ्यांना हा पेच ठाऊक आहे. म्हणून १९९३ च्या लिंकन मार्क ८ या अमेरिकी गाडीत हवेच्या फुग्यांची स्प्रिंग होती. वेग ताशी ८८ कि.मी. च्या वर गेला, की गाडी आपोआप सुमारे २० मिलिमीटर खाली येई आणि वेग उतरला की पुन्हा वर उठे. हवेची स्प्रिंग असलेली टेस्ला मॉडेल एसही हमरस्त्यावर अशीच खाली बसते. खाली येण्याचा लाभ फक्त वेगात आणि फक्त चांगल्या रस्त्यावर, हे या रचनेतच लिहिलेले आहे. करवतीने कापलेली स्प्रिंग मात्र पुन्हा वर येत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

दोन किलोमीटर मोजायचे कसे?

"पण सर, ज्यांनी गाडी खाली बसवली ते शपथेवर सांगतात, की फरक पडला," मुलगा म्हणाला. ते खोटे बोलत असतील असे नाही. पण त्यांनी मोजले कसे, हे विचारायला हवे.

नेहमीची रीत टाकी फुल्ल करण्याची. टाकी भरायची, गाडी चालवायची, पुन्हा भरायची आणि अंतराला लिटरने भागायचे. टाकी प्रत्येक वेळी तंतोतंत सारखीच भरली जाते असे नाही. अर्ध्या लिटरचा फरक सहज राहतो. दहा लिटरच्या मोजणीत अर्धा लिटर, म्हणजे ५ टक्के चूक झाली. २ टक्क्यांचा फरक ५ टक्क्यांच्या चुकीतून दिसणार कसा? त्यात भर म्हणून वारा, ऊन-पाऊस, उतारूंची संख्या, रस्त्यावरची गर्दी रोज बदलते. आणि पैसे खर्च करून नुकतीच गाडी खाली बसवलेला माणूस गॅस जपून दाबतो, खड्डे पाहून सावकाश जातो. फरक पडतो तो खरा असतो, पण तो त्याच्या पायामुळे पडलेला असतो.

आम्ही मुलाला एवढेच सांगितले : काहीही न बदलता आधी आठ वेळा टाकी भरून नोंद ठेव. मग आम्हाला कळव.

वर्गात करण्यासारखे

मोटार घेऊन प्रयोग करणे शाळेला शक्य नाही आणि इष्टही नाही. सायकल पुरे. शाळेच्या मैदानाशेजारी रहदारी नसलेला, लहानसा उतार आणि पुढे सपाट जागा शोधा. शिक्षक समोर असावेत. एका ठरावीक रेषेवरून पायडल न मारता सायकल सोडायची आणि ती किती दूर जाऊन थांबते ते मोजायचे. ताठ बसून दहा वेळा, हँडलवर वाकून दहा वेळा, आणि टायरमधली हवा कमी करून पुन्हा ताठ बसून दहा वेळा.

सरासरी काढण्यापूर्वी एक काम करा. ताठ बसलेल्या दहा मोजमापांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान अंतर बाजूला लिहून ठेवा. काहीच न बदलता पडणारा फरक तो एवढा आहे. आता विचारा, वाकल्याने पडलेला फरक याहून मोठा आहे का? आणि हवा कमी केल्याने पडलेला? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. एवढ्या वेगात वाऱ्यापेक्षा टायरकडे लक्ष देणे बरे, असे बहुधा त्यांच्या हाती लागेल. मोटारीलाही ते लागू आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चारही टायरमधला दाब सरासरी १ पौंडाने उतरला, की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. म्हणजे ५ पौंडांना १ टक्का. टपावर मोठी, बोथट सामानाची पेटी असेल, तर हमरस्त्यावर हीच घट ६ ते १७ टक्के होते.

त्या मुलाचे पत्र दोन-अडीच महिन्यांनी आले. आठ नोंदी होत्या. मामांनी गाडीत काहीही बदल केलेला नव्हता, तरी ॲव्हरेज एकदा १६.९ तर एकदा १८.८ आले होते. खाली त्याने लिहिले होते : "गॅरेजवाल्याने कबूल केलेले दोन किलोमीटर काहीही न करता येतात आणि जातात. मामांना वही दाखवली. स्प्रिंगा आहेत तशाच आहेत. रिकामे असले की टपावरचे कॅरिअर आता काढून ठेवतो. त्याचा फरक किती पडतो ते अजून सांगता येत नाही, नोंदी चालू आहेत."

त्याच्या सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवल्याचे नंतर कळले. शेवटच्या वाक्यावर ते थोडे थांबले, असेही कोणीतरी सांगितले.